शीचा रंग बदलला तर

आई,

मंगळवारी तुमची लेक गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हापासून बाळ तिने काढून ठेवलेल्या दुधावर होतं. ते काल संपलं. आजपासून डब्याचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगावरच्या दुधाची शी पिवळी, पातळ असते. आता ती घट्ट, तपकिरी होईल, वासही मारेल. घाबरू नका. खड्यासारखी झाली किंवा रक्त दिसलं, तर मात्र लगेच मला कारखान्यात फोन करा.

सकाळी तुम्ही म्हणालात, “जावईबापू, आणा तो लंगोट, धुऊन टाकते,” आणि मी तुमच्यावर ओरडलो. चुकलो. तो पिवळा होता. उद्यापासून तसा निघणार नाही, हेच डोक्यात होतं. आता तुमचा डोळा लागलाय, म्हणून उठवत नाही.

बाकीचे लंगोट वाळत घातलेत. तो एक बाथरूममधल्या बादलीत आहे, अजून धुतलेला नाही.