चौथा गडी

सर,

परवा आपल्या कॅप्टनचा फोन आला. तो आता पोलिसात हवालदार आहे, पण माझ्या मोबाईलमध्ये कॅप्टन म्हणूनच आहे. मी तेव्हा टॉवरच्या पायथ्याला बसून कमरेचा पट्टा सोडत होतो. इथं कच्छात पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करतो मी. आत सरळ उभी शिडी असते, वर जायचं, ग्रीस भरायचं, बोल्ट आवळायचे, खाली यायचं. कॅप्टन म्हणाला, येत्या रविवारी कॉलेजच्या मैदानावर कार्यक्रम आहे, तुमच्या नावानं पळायची स्पर्धा चालू करतायत, जुनी पोरं सगळी येणार. "तू काय येत नाय, ते म्हाईत हाय. निदान सरांवर चार वळी लिहून पाठव, आमी वाचून दाखवू." मी बरं म्हणालो. मग तो जाता जाता बोलला, "तळेघरचा पन बोलनार हाय. त्याला सगळ्यांसमोर माफी मागायचीय म्हनं. सरांची सातवी ढाल त्याच्यामुळं गेली, असं घेऊन बसलाय राव तो अजून." मी म्हणालो, त्याला सांग, जुनं झालं ते. कॅप्टन म्हणाला, "तूच सांग. तुमची दोघांची जोडी व्हती."

तुम्ही गेलात तेव्हा मी वापीला कोल्ड स्टोरेजला होतो. मेसेज आला, वाचला, आत थंडीत गेलो आणि बटाट्याची पोती लावत राहिलो. आलो नाही. त्याच्या आधी आळेफाट्याला गॅरेजमध्ये होतो, मध्ये एका हॉटेलात. एका जागी दोन वर्षं काढली असं कॉलेज सोडलं तर कुठंच झालं नाही, आणि कॉलेजातही पहिल्याच वर्षाला दोनदा बसलो. तुम्हीच फॉर्म भरायचात. मला पुस्तकातलं काही येत नव्हतं आणि तुम्ही ते कधी विचारलंही नाही.

चार ओळी म्हणजे काय लिहायच्या, ते सगळ्यांना माहीतच आहे. कॉलेजनं तुम्हाला एक व्हॉलीबॉलचं नेट आणि तीन पोरं दिली, त्यातून तुम्ही विद्यापीठाच्या क्रॉसकंट्रीच्या सलग सहा ढाली आणल्या. मुलींची टीम काढली तेव्हा गावोगाव जाऊन आयांशी बोललात, आणि तिसऱ्या वर्षी त्या पोरींनीही ढाल आणली. कुणी फौजेत गेलं, कुणी पोलिसात, एक जण जंगलखात्यात. तुम्ही स्वतः कधी पळाला नव्हतात, तुम्ही कबड्डीचे. हे सगळं रविवारी बोललं जाईल. बैलगाड्याच्या घाटाचंही कुणीतरी सांगेल. शर्यती नसल्या की तो घाट मोकळाच, आणि आपल्याला चढ पाहिजे होता. आम्ही खालून वर पळायचो, तुम्ही तुमची एम-ऐंशी वरच्या तोंडाला लावून शिट्टी मारायचात. एकदा एक म्हातारा काठी टेकत आला आणि म्हणाला, "सर, ही खोंडं कुठल्या बाजारातनं आनली?" तुम्ही म्हणालात, "डोंगरातली हायेत बाबा. चारा कमी खात्यात." म्हातारा आमच्याकडं नीट बघून म्हणाला, "त्ये दिसतंयच." त्यानंतर महिनाभर आम्ही एकमेकांना खोंडच म्हणत होतो.

कार्यक्रमात नवीन पोरं असतील, त्यांना ढालीचा हिशोब समजावून सांगावा लागेल. पहिला आला त्याचा एक, दहावा आला त्याचे दहा. एका कॉलेजचे सहा पळतात, त्यातल्या पहिल्या चौघांचे आकडे धरतात. ज्यांची बेरीज कमी, त्यांची ढाल. तुम्ही म्हणायचात, पहिला येतो तो हार घालून घेतो, पण ढाल चौथा आणतो. पेपरात फोटो कॅप्टनचा यायचा, कारण तो पहिल्या तिघांत असायचा. चौथा मी. पाचवा तळेघरचा, त्याच्या गावावरून हेच नाव पडलेलं. माझं काही झालं तर त्याचा आकडा धरायचा, म्हणून तुम्ही आम्हाला बरोबर पळायला लावलंत. एकदा सरावात मला लई जोर आला आणि मी कॅप्टनच्याही पुढं येऊन पोचलो. वाटलं, तुम्ही काहीतरी बोलाल. तुम्ही घड्याळाकडं बघितलंसुद्धा नाही. "तळेघरचा कुठंय?" "मागं हाय, येतोय." "तुला कुनी फुडं यायला सांगितलं? जा, घेऊन ये त्याला." मी परत अर्धा मैल मागं गेलो. तो तोंड उघडं टाकून येत होता. मला उलट येताना बघून म्हणाला, "काय रे, विसरलं का काय?" मी म्हणालो, "तुला विसरलो व्हतो." तो पळता पळता हसायला लागला आणि त्याच्या पोटात कळ आली.

एक गोष्ट कुणी सांगणार नाही, कारण ती आमच्या घरची आहे. दुसऱ्या वर्षी मी आठवडाभर सरावाला आलो नाही, म्हणून तुम्ही आमच्या गावी, घाटघरला आलात. गाडी खाली लावून चढून आलात. आमच्या खाचराचा बांध फुटला होता, माती वाहून गेली होती, बाप आणि मी दोघंच दगड ओढत होतो. बाप म्हणाला, "सर, प्वार पळंल तुमचं, पन आधी बांध. सा गडी असतं तं एका दिसाचं काम व्हतं." तुम्ही रविवारी टीम घेऊन आलात. तुम्ही हाफ पँटवर टिकाव मारताय, कॅप्टन पाट्या भरतोय, तळेघरचा दगड बसवतोय, कारण घरी तेच काम केल्यामुळं त्याला ते चांगलं येतं, आणि आई नाचणीच्या भाकरी थापतेय त्या संपतच नाहीयेत. उन्हं कलायच्या आत बांध उभा राहिला. तुम्हाला वाटलं, झालं.

पण आमच्याकडं ही पडकई असते. तुमच्या रानात दहा जण एकेक दिवस राबले तर त्यांच्या रानात तुमच्या घरचे तेवढेच दिवस राबले पाहिजेत. पुढच्या सोमवारी बाप दोन भावकीतले गडी घेऊन, फावडी खांद्यावर टाकून कॉलेजच्या गेटातून आत आला. शिपाई म्हणाला, "कुठल्या ठेकेदाराचे तुमी?" बाप म्हणाला, "सरांचे." तुम्ही ऑफिसातून पळत आलात, नको नको म्हणालात. बाप म्हणाला, "सर, तुमचं रान कुठलं, तेवढं दावा." तुमचं रान म्हणजे ते मैदान. दोन दिवस तिघांनी मैदानाच्या कडेनं मऊ मातीची पट्टी केली, खडे वेचले, पाणी मारून चोपली. तुम्ही दोन्ही दिवस शेजारी उभे होतात आणि तुम्हाला हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. जाताना बाप म्हणाला, "आता फिटलं. आता ह्यो पळंल का बसंल, ते त्याचं त्याला." माझ्या जन्मात बापानं माझ्याबद्दल तुमच्याशी बोललेलं तेवढंच. तुम्ही ते ऐकलंत का, मला माहीत नाही.

आता शेवटच्या वर्षाचं. तुमची रिटायरमेंट मार्चमध्ये होती, स्पर्धा त्याच्या आधी. सातवी ढाल आणून निघायचं, असं तुम्ही बोलून दाखवलं नव्हतं, पण सगळ्या कॉलेजला माहीत होतं. आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही मुक्कामाच्या शाळेत सतरंज्या टाकत होतो. तुम्ही माझ्याजवळ बसलात आणि म्हणालात, "फुडच्या वर्षीचं तुझं बोलून ठेवलंय मी. नवीन सर येत्यात त्यांना सांगितलंय, याला सोडू नका. फॉर्म ते भरत्याल." चांगलंच सांगत होतात. मी हो म्हणालो. माझ्या खिशात तेव्हा आळेफाट्याच्या गॅरेजवाल्याचा नंबर होता, त्यानं कधीही ये म्हणून सांगितलं होतं. मला जायचं होतं. तसं तुम्हाला सांगायला हवं होतं, तर तोंडातून हो गेलं. पुढची सगळी रात्र गाढ झोपलो, त्यामुळं विचार करून केलं असंही म्हणता येत नाही.

रस्ता शेतातून होता, चार फेऱ्या. तिसऱ्या फेरीला कॅप्टन आणि दुसरे दोघे पुढं होते, मी त्यांच्या मागं सात-आठ जण सोडून. दम चांगला होता. पाय चांगले होते. उसाच्या कोपऱ्यावर वळण येतं, तिथं बघायला कुणी नव्हतं, आणि माझ्या डोक्यात आलं की आता बसलो तर पुढच्या वर्षी कुणी बोलवणार नाही. बसलो. पायाची पिंढरी दोन्ही हातांनी धरली. तळेघरचा मागून आला, थांबायला लागला. मी म्हणालो, "पिंढरी गेली. तू पळ. आता चौथा तू हायेस." तो जो पळाला, तसा मी त्याला कधी पळताना बघितला नव्हता.

तुम्ही शेवटच्या रेषेजवळ उभे होतात. कुणीतरी सांगितलं असणार. तुम्ही ढेकळांतून, चपलांवर, तुमचे ते कबड्डीत गेलेले गुडघे घेऊन पळत आलात, शेवट बघायचा सोडून. माझा पाय मांडीवर घेतलात, बूट काढलात. "कुठं?" "हितं." तुम्ही अंगठा दाबलात. पिंढरी भरली की आत गोळा लागतो दगडासारखा, ते तुम्हीच आम्हाला एकमेकांच्या पायावर हात ठेवून दाखवलं होतं. माझी पिंढरी मऊ होती. तुमचा अंगठा तिथंच थांबला. मी उसाकडं बघत होतो. मग तुम्ही खिशातून पट्टी काढलीत आणि नीट, वरपासून खालपर्यंत, घट्ट बांधलीत. उठताना माझा हात धरलात. रेषेजवळ आल्यावर पोरांना म्हणालात, "पिंढरी भरलीय त्याची." झालं.

एका गुणानं ढाल गेली. शेवटच्या शंभर पावलांत समोरच्या टीमचा एक जण तळेघरच्याच्या पुढं निघून गेला. तो मागं राहिला असता तर आपला एक कमी, त्यांचा एक जास्त, ढाल आपली. हे त्यानं तिथल्या तिथं बोटांवर मोजलं. परत येताना जीपमध्ये तो माझा बूट मांडीवर घेऊन बसला होता. "मी धरला व्हता राव त्याला. कसा सुटला कळलं नाय. तू असता तं झालंच नसतं." मी म्हणालो, "असू दे." पोरं थट्टा करत होती, "तळेघरला आता एसटी बी थांबायची नाय ह्याच्यासाठी." त्यालाही हसू आलं, मग आलं नाही. तुम्ही पुढं ड्रायव्हरशेजारी होतात. काच खाली होती, वारा भणाणत होता, पण मागचं ऐकू येत होतं. तुम्ही मागं वळला नाहीत.

हे मला पुष्कळ दिवस कळलेलं नाही. तुम्ही मला झाकलंत, की मी आपणहून बोलेन म्हणून गप्प राहिलात. बोलायला मला पंधरा दिवस होते. चार दिवस मी घरीसुद्धा लंगडलो. पाचव्या दिवशी विसरलो आणि आई म्हणाली, "बरं झालं बाई." मग एक दिवस आळेफाट्याला गेलो तो गेलोच. तुमच्या निरोपसमारंभाला मी नव्हतो. तुम्ही त्यात काय बोललात ते कॅप्टननं सांगितलं. म्हणालात, माझी पोरं कधी कमी पडली नाहीत. तळेघरचा त्या वेळी उठून बाहेर गेला म्हणे.

तो पुढं भरतीला उतरला नाही. पळायचंच सोडलं. भात करतो, नाचणी करतो, लग्न झालंय, एक मुलगी आहे. वाईट काही चाललेलं नाही त्याचं. त्याचा डोंगर त्याला आवडायचा, तो तसाही तिथंच राहिला असता, असं मी म्हणू शकतो, आणि म्हटलेलं आहे. पण सात वर्षं एक माणूस एका आकड्यासाठी स्वतःला दोष देतोय, आणि रविवारी तो माईक घेऊन नव्या पोरांसमोर, तुमच्या बायको-मुलांसमोर ते बोलणार आहे. ते बोलून झाल्यावर मग ते खरंच होऊन जाईल.

एक फोन केला तर हे थांबतं. काल केला. त्यानं पहिल्या रिंगलाच उचलला. "अरे पावणं, कुठं हायेस तू? रविवारी ये की." मी म्हणालो, सुट्टी नाही. मग विचारलं, भात कसं आहे यंदा. त्यानं सगळं सांगितलं, कुठल्या खाचराला पाणी कमी पडलं, रानडुकरं कुठून येतात, मुलगी शेजारून ओरडत होती तिचंही सांगितलं. वीस मिनिटं झाली. शेवटी तो म्हणाला, "पाय कसा हाय आता तुझा?" मी म्हणालो, बरा आहे.

म्हणून कागद घेतला. कॅप्टनला पाठवायच्या चार ओळी या नव्हेत, त्या वेगळ्या लिहीन, सहा ढालींच्या. हा कागद कुठं जाणार नाही, तुमचा पत्ताही राहिलेला नाही. एक सांगतो. वर आधी तळेघरच्याचं नाव लिहिलं होतं. अर्धी ओळही झाली होती. ती खोडली आणि सर लिहिलं, कारण तुम्हाला हे माहीत होतं.