चार बोटं उघडी

६ जानेवारी, मंगळवार
काल वसमतच्या दवाखान्यात शीतलला मुलगी झाली. आमची एकुलती लेक, पहिलं बाळंतपण माहेरीच. दोघी सुखरूप. परवा घरी आणायच्या.
तिची आई सुमन तिथूनच फोनवर हुकूम सोडते आहे. मागची खोली रिकामी करा. मी म्हटलं, पुढची घेऊ, उजेड आहे.
"उजेडाला काय चाटायचंय? मागचीच. तिथं वारं येत न्हाई."
येत नाही हे खरं. मीच येऊ दिलेलं नाही. तीस वर्षं.

७ जाने., बुध
फळ्या, रंधे, ज्वारीचं पोतं सगळं बाहेर काढलं. दुपारपर्यंत झाडलोट. धुळीने खोकला.
खिडकी. दीड फूट बाय दोन. साग, दोन झडपा, मधे लोखंडी गज. माझ्या हातची, लग्नाच्या वर्षी केलेली. तिच्यावर तीन खिळे, तेही माझेच. सुताराचा खिळा असा वाकडा जात नाही. हे तिन्ही वाकडे गेलेत.
चौकटीच्या फटीत चिंधीचा बोळा सापडला. ओढून पाहिला. पिवळं सुती कापड, लंगोटाचं असावं. परत तिथेच कोंबला.

८ जाने., गुरु
आल्या. नात एवढीशी, नाक सुमनचं. भाकर ओवाळून टाकली.
बाजेखाली शेगडी. शेपा-ओव्याची धुरी. शीतलच्या कानात कापूस, डोक्याला फडकं, वर स्वेटर. म्हणते, "बाबा, मी बाळंतीण हाय का चंद्रावर निघाले?" हसलो. सुमन नाही हसली.
ती खिडकीच्या कडेकडेने तळहात फिरवत होती. वारं येतं का बघायला. ही सवय मी रोज बघतो. एसटीत खिडकीशी बसत नाही, दुसऱ्याची काच सुद्धा उठून लावते. लोक हसतात. मी कधी हसलो नाही, आणि का हसत नाही ते कधी सांगितलंही नाही.

९ जाने., शुक्र
आरोग्य केंद्राच्या आशाताई आल्या. बाळाचं वजन केलं, ताप पाहिला. मग खोलीभर नजर फिरवली.
"काकू, निखारे आन् बंद खिडकी एका खोलीत नको. निखाऱ्याच्या गॅसला वास नसतो, दिसत बी न्हाई. लेकराला ऊब द्या, पण हवा येऊ द्या."
सुमन शांतपणे म्हणाली, "ताई, तुमचं पुस्तकातलं असंल. मी एकदा उघडली व्हती, दोनच बोटं. माझं अकरा दिवसांचं लेकरू गेलं."
ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा. त्या गेल्यावर सुमनने दाराखाली गोणपाट लावलं.

१० जाने., शनि
झोप नाही. लिहून टाकतो.
सगळ्या गावाला माहीत आहे ते असं. तीस वर्षांपूर्वी, असाच थंडीचा महिना, हीच खोली. आम्हाला मुलगा झाला. अकराव्या दिवशी पहाटे सुमनचं डोकं जड पडलं, जीव गुदमरला. तिने उठून खिडकी दोन बोटं उघडली आणि परत निजली. नऊच्या सुमारास माझी माय आत गेली ती ओरडतच बाहेर आली. सुमन बेशुद्ध. अंगणात आणल्यावर ती शुद्धीवर आली. लेकरू आलं नाही. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. पाहुणे वाटेला लागले होते.
शुद्धीवर आल्यावर सुमनचा पहिला शब्द, "मी खिडकी उघडली व्हती."
मायने कपाळ बडवलं. "वारं लागलं माझ्या लेकराला." झालं. तेच खरं ठरलं. माय मरेपर्यंत तेच म्हणत गेली. सुमन अजून म्हणते.
गावाला माहीत आहे ते एवढंच.

११ जाने., रवि
पहाटे पाचला जाग आली. मागच्या खोलीतून खट् असा आवाज. खिट्टी पडल्यासारखा. तीन खिळे मारलेल्या खिडकीची खिट्टी पडत नसते, हे मला न कळायला मी काय नवशिका आहे? तरी उठून गेलो. सुमन अंधारात खिडकीला हात लावून उभी.
"तुमाला बी आला का आवाज?"
"न्हाई," म्हटलं. आला होता.

(त्याच दिवशी, दुपार)
मन चिंती ते वैरी न चिंती. आठ वाजता शीतल म्हणाली, "बाबा, डोकं जड पडलंय. जीव गुदमरून राहिलाय." तेच शब्द, तोच क्रम.
मी शेगडी तशीच उचलली आणि अंगणात नेऊन आदळली. दोन्ही तळवे भाजले. दार सताड उघडलं, शीतलला नि बाळाला पुढच्या खोलीत आणलं. सुमन अंगावर धावली. "मारता का काय लेकराला? उघड्यावर नेता!" तीस वर्षांत ती माझ्यावर अशी ओरडली नव्हती.
आशाताईंना फोन. त्या रिक्षा घेऊनच आल्या, दवाखान्यात दाखवून आणलं. दोघी ठीक. डॉक्टर शीतलला म्हणाले, वेळेवर बाहेर आलात.
वेळेवर. हा शब्द दिवसभर डोक्यातून जात नाही.

१२ जाने., सोम
तह झाला. शेगडी नाही. ऊब द्यायला गोधड्या, आणि ताईंनी सांगितलं तसं बाळ आईच्या छातीशी. पण खोली मागचीच आणि खिडकी बंदच, हे सुमनचं.
मी म्हटलं, खिडकी बघतो. ती म्हणाली, "बघा. उघडू नका."
शीतलला तासभर पुढे बसवलं आणि कामाला लागलो. हाताला फडकी गुंडाळलेली. खिळे काढले. पहिले दोन निघाले, तिसऱ्याचं डोकं तुटलं. झडपा उतरवून आडव्या कापल्या. खालचा भाग पक्का बंद. वरचे दोन तुकडे जोडून एक केला, त्याला बिजागरी खालच्या बाजूने, म्हणजे तो आत कलतो आणि वारं सरळ अंगावर न येता छताकडे चढतं. किती कलायचा त्याला लाकडाचा ठोकळा. चार बोटं, जास्त नाही. समोर दाराच्या वरची फळी काढली, तिथून कोंदट हवा बाहेर. बाज दोन्हींच्या रेषेतून काढून कोपऱ्यात नेली.
मग उदबत्ती. बाजेवर धरली, धूर सरळ वर. उशाशी, सरळ. पायथ्याशी, सरळ. दारावर धरली तर धूर बाहेर ओढला गेला. हवा हलते आहे आणि बाजेवर वारं नाही. चाळीस वर्षं लाकूड कापलं, इतकं चांगलं काम कधी झालं नव्हतं.
सुमनला दाखवलं. ती उदबत्तीकडे बघत राहिली. वाटलं, पटलं.
चहा घेऊन परत आलो तर ठोकळा खाली पडलेला आणि फटीत तिची शाल कोंबलेली.

१३ जाने., मंगळ. भोगी
तिळाची भाकरी, भोगीची भाजी. तोंडाला चव नाही.
मी ठोकळा लावतो, ती काढते. दिवसभरात पाच वेळा. भांडण नाही, शब्द नाही. शीतल वैतागली. "तुमी दोघं माझ्या डोक्यावर कबड्डी खेळून राहिले."
मी आत जाऊन म्हटलं, "अगं, सव्वा महिना लेकरू असं कोंडणार का?"
सुमन: "परवा अकरावा दिवस हाय. तेवढा जाऊ द्या. मग काय करायचं ते करा."
ती हट्टी नाही. ती भ्यालेली आहे. आणि ते भय तिच्या पदरात मी बांधलंय.
आता लिहितोच. गावाला माहीत नाही ते.
त्या पहाटे मायचे गुडघे धरले होते. म्हणाली, तूच निखारे नेऊन ठेव. सुमन झोपली होती. खिडकी दोन बोटं उघडी दिसली. मी लावली. वरून बोळा कोंबला, दोरीवरचा लंगोट फाडून. शेगडी काठोकाठ भरली, बाजेखाली सरकवली, दार ओढून घेतलं आणि कुरुंदा गावी कामावर गेलो. खुश होतो. उद्या बारसं.
मायला वाटलं, सुमननेच परत लावली असेल. सुमनला वाटलं, सासूने आत आल्यावर लावली. दोघींनी एकमेकींना कधी विचारलं नाही. मधे मी होतो. संध्याकाळी माय म्हणाली, खिळे मार, आणि मी मारले.
आधी मलाही वाटायचं, वाऱ्यानेच गेला असेल. पाच-सहा वर्षांपूर्वी पेपरात एका बंद खोलीतल्या शेगडीची बातमी वाचली आणि तो पेपर हातातच राहिला. तेव्हापासून माहीत आहे. तेव्हापासूनही बोललो नाही. झाकली मूठ. तिच्यात काय होतं, तर सुमनचं सगळं आयुष्य.

१४ जाने., बुध. संक्रांत
दुपारी शेजारच्या बायका तिळगूळ घेऊन. एक जण खोलीत डोकावून म्हणाली, "सुमनबाई, ही खिडकी नवी का? जपा बरं. तुमचा वाऱ्याचा अनुभव हाय." चांगल्या मनानेच म्हणाली. सुमनने मान खाली घातली. तीस वर्षं ती अशीच मान खाली घालते आणि मी दुसरीकडे बघतो. आज बघवलं नाही.
बायका गेल्यावर तिला अंगणात बोलावलं. तिळगुळाची वाटी तिच्या हातात तशीच.
म्हटलं, "तू उघडली व्हती. पण मी लावली व्हती. निखारे मी भरले."
वाटलं होतं, रडेल. वाटी फेकेल. ती वाटीतले हलव्याचे दाणे एका बाजूला सारत राहिली. मग विचारलं,
"लावली तवा लेकराकडं पाहिलं का?"
"पाहिलं."
"मग?"
"त्याचा हात बाहेर व्हता. मी आत घेतला."
"गार व्हता का?"
मी खोटं बोलू शकलो असतो. तेवढी सवय आहे मला. म्हटलं, "न्हाई. चांगला कोमट व्हता. माझं बोट धरलं त्यानं."
"म्हंजी माझ्या वाऱ्यानं न्हाई."
"न्हाई."
ती उठली, वाटी माझ्या शेजारी ओट्यावर ठेवली आणि आत गेली. मागच्या खोलीचं दार लावलं. रात्रीचं जेवण शीतलकडून आलं.

१५ जाने., गुरु
आज अकरावा दिवस.
पहाटे पाचला जाग. आवाज नाही. आज आवाज नाही याचीच भीती वाटली. आतून दार बंद, ठोठावायची हिंमत झाली नाही. घराला वळसा घालून मागे गेलो. अंगावर फक्त बनियन, थंडी भलती.
खिडकीचा वरचा तुकडा आत कललेला. ठोकळा जागेवर. चार बोटं, बरोबर माझ्या मापाची. शाल नाही, बोळा नाही. चौकटीच्या फटीतला तो पिवळा बोळाही काढलेला. कुठे ठेवला असेल?
गजाआड, त्या चार बोटांत तिचा तळहात. उभा धरलेला, हवा लागेल असा. किती वेळ धरला होता कोण जाणे. मागे खोलीत बाळ कुरकुरलं, मग पचपच दूध प्यायला लागलं. मी खिडकीला कान लावून तो आवाज ऐकत राहिलो. मला रडू आलं. आडपडदा काय ठेवायचा, आलं.
तिने मला पाहिलं. कालपासूनचा पहिला शब्द बोलली.
"सरका तिथून. वारं आडून राहिलंय तुमच्यानं."
मी बाजूला झालो.
आता नऊ वाजलेत. शीतल मजेत, नात झोपली आहे. आतून दोघींचं बोलणं ऐकू येतं, उद्याच्या बारशाचं, नाव काय ठेवायचं त्याचं. एकदा सुमनच्या तोंडून त्या पोराचं नाव ऐकलं, जे आम्ही ठरवलं होतं आणि ठेवलं नाही. ती शीतलला सांगत होती, तुझा भाऊ कसा व्हता ते. किती सांगितलं, दोष कुणाचा सांगितला, ते कळलं नाही. दार अजून बंद आहे. चहा झाल्याचा वास येतो आहे. मला हाक आलेली नाही. मी ओट्यावर बसलो आहे.