अंघोळ घातलेली माळ

३ मार्च

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

आई गेल्यापासून तिची मोत्यांची माळ मी क्षणभरही काढलेली नाही. मोती अंगावर राहिले की जिवंत राहतात, असं ती म्हणायची, म्हणून अंघोळीलाही गळ्यातच असते. पण हल्ली मोती मलूल दिसतात आणि दोरा काळवंडलाय. पुढच्या महिन्यात दादाच्या लग्नात आईच्या जागी मी उभी राहणार, तेव्हा ही माळ गळ्यात हवीच. मोती खोटे तर नसतील ना? तू चाळीस वर्षं दागिन्यांच्या दुकानात मोती ओवलेस, म्हणून विचारते.

लग्नाला ये. दादा म्हणतो, तू येणार नाहीस.

तुझी बोलणी खायला बसलेली,
भाची

११ मार्च

चि. शहाणीस,
अ. उ. आ.

दादाला अक्कल आहे. मी येणार नाही.

मोत्यांना साबण लावणारी बाई आमच्याच घरात निघायची होती! अंगावर ठेव म्हणजे अंगाबरोबर घास असं नव्हे. साबण, अत्तर, घाम, सगळं मोत्याची कांती खातं. नटणंमुरडणं आटोपलं की माळ सगळ्यांत शेवटी घालायची, घरी आल्यावर आधी उतरवायची, ओलसर मऊ फडक्याने पुसायची आणि आडवी ठेवायची. खुंटीला टांगायला ती पिशवी नव्हे.

खरं-खोटं बघायचं तर मोती पुढच्या दातावर हलकेच फिरव. खरा किंचित खरखरतो, खोटा गुळगुळीत लागतो. मग खिडकीशी धर. चांगल्या मोत्यात खिडकीची चौकट रेखीव दिसते, सामान्य मोत्यात नुसता पांढरा डाग. एवढंही तुझ्या आईला कधी कळलं नाही. तरी आजीने माळ तिला दिली आणि माझ्या हातात सुई.

माळ पाठव. दोरा कुजला असणार, नव्याने ओवावी लागेल.

लोभ आहे; तो वाढावा असं काही करून दाखव.
मावशी

१६ मार्च

ति. मावशीस,
सा. न.

मोती खरखरले. दातही दुखतोय, जरा जोरातच फिरवला बहुतेक. माळ पार्सलने पाठवलीय. हसू नकोस.

भाची

२४ मार्च

चि. शहाणीस,
अ. उ. आ.

हसले. मोती खरे आहेत आणि पुसल्यावर बरेच उजळले. दोन मात्र तू कायमचे मारलेस, ते मानेमागे केसांखाली ओवू.

दर दोन मोत्यांमध्ये गाठ असते, दोरा तुटला तरी एकच मोती पडावा म्हणून. कापण्याआधी मी गाठी पाहिल्या. पहिल्या इतक्या ओबडधोबड, की कुठल्या गाढवाने ओवलंय म्हणून शेजारणीला बोलावून दाखवल्या. पुढे त्या बारीक होत गेल्या. शेवटच्या पाच उलट्या वळणाच्या. मी डावखुरी, तशी गाठ माझीच पडते. आणि ही माळ मी कधीच ओवलेली नाही.

तुझी आई उजव्या हाताची. मी ओवलेली एखादी माळ उसवून, न्याहाळून तिने माझी गाठ शिकून घेतली असणार आणि ही माळ स्वतःच ओवली असणार. एकदा तिने मला शिकव म्हटलं होतं. तुझ्या हातांना भांडी पुरेत, असं मी चारचौघांत म्हणाले. पुन्हा तिने विचारलं नाही.

आयुष्यभर लोकांचे दोरे कचाकच कापले, हा कापवत नाही. लग्नाआधी चार दिवस येते. कात्री तू चालव, मग शेजारी बस. गाठ चुकलीस तर बोलेन, पण शिकवेन.

तुझी मावशी