पितृपक्षातला मदरबोर्ड

१७ सप्टें., मंगळ.
परभणीहून आत्ता मानवतला पोचलो, बाबा नि मी. सगळे पार्ट मिळाले तरी डोकं फिरलंय. यादी माझी, तीन महिने घासून केलेली. प्रोसेसर, मदरबोर्ड, बत्तीस जीबी रॅम, दणकट पॉवर सप्लाय, कारण इथली लाईट कशी नाचते ते मला माहीत. आणि दुकानदार बोलणार बाबांशी. बाबा भिक्षुकी करतात, त्यांना सत्यनारायणाचं विचार की. निघताना "काका, ग्राफिक्स कार्ड न्हाई का घ्यायचं?" म्हणाला, तेव्हा तोडलंच त्याला. "यादीत आहे तेवढंच द्या." कार्ड दिवाळीनंतर. तोवर प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर चालतं.

घरी खोकी उघडायला बसले तर बाबा, "आज रिक्ता तिथी. उद्यापासून पितृपक्ष. आता घटस्थापनेला उघडू." म्हणजे आणायला चालतं, उघडायला नाही.

१८, बुध.
खोकी कपाटात. किल्ली बाबांच्या जानव्याला.
पुण्याच्या ऑफिसचं ट्रायल काम दसऱ्यापर्यंत द्यायचंय. अख्ख्या फ्लॅटचं थ्रीडी. पसंत पडलं तर घरी बसून नोकरी. नाही तर आहेच परत झेरॉक्सचं दुकान आणि आधार कार्डांचं लॅमिनेशन. बाबांना चारदा सांगितलं. "पंधरा दिवसांत काय बिघडायलंय?" जुन्या लॅपटॉपवर एक खोली दिसेपर्यंत आईचा स्वयंपाक होतो.

२७, शुक्र.
दुकानाची बदलून द्यायची दहा दिवसांची मुदत आज संपली. बाबा कुणाकडे श्राद्धाला निघाले होते, दारात पावती दाखवली. "नवी वस्तू खराब कशाला निघतीय?" म्हणाले आणि गेले. दात खाल्ले नुसते.

३ ऑक्टो., गुरु.
घट बसले. बाबांनी खोक्यांवर अक्षता टाकल्या, मी दुपारपर्यंत सगळं जोडलं. पंखे फिरले. स्क्रीन काळी. रॅम दुसऱ्या खाचेत घातली, केबल बदलली. काळीच. बोर्ड मेलेला, दुसरं काय. दुकानदार फोनवर, "मुदत गेली ना ताई. आता कंपनीला पाठवावं लागतंय. महिना धरा."

मग बोलले. बाबा फराळाला बसले होते. म्हटलं, तुमच्या पितरांनी माझं काम खाल्लं.
बाबा ताटावरून उठले. आई माझ्याकडे बघतसुद्धा नाहीये. नको बघू. मला काही वाईट वाटत नाही.

५, शनि.
परवा रागात बोर्ड काढून खोक्यात ठेवला होता, ते खोकं सकाळी जागेवर नाही. आई म्हणाली, बाबा पहिल्या गाडीने परभणीला घेऊन गेले. मला न विचारता. पुन्हा संताप. तिथे जाऊन बोलणार काय, मंत्र?

कंपनीला तक्रार लिहायला बसले. प्रोसेसरचा नंबर हवा म्हणून त्याचं खोकं उलटं केलं. खाली बारीक अक्षरात: वेगळं ग्राफिक्स कार्ड आवश्यक.

या मॉडेलात चित्र दाखवायची सोयच नाही. म्हणूनच स्वस्त होता. मीच निवडला. तीन महिने घासून.

बाबांना फोन लावला, तो देवघरात वाजला. थोड्या वेळाने दुकानदाराचाच आला. "ताई, काका कवाचे हात जोडून बसलेत. चूक माझी हाय, लेकीची न्हाई म्हणायलेत. बोर्ड तपासला, चांगला हाय. तुमाला कार्ड लागतंय. मी त्या दिशी काकांना इचारलं होतं."

काकांना. मला विचारायचं होतं ना. विचारलं असतं तर... तर तसंच तोडलं असतं.

"त्यांना सांगितलं का?"
"न्हाई अजून. सांगू?"
"नको. मी येते."

बसमध्ये. अक्षर हलतंय. दसऱ्याला सात दिवस. कार्ड आजच्या आज मिळालं तर अजून जमेल, सगळं रात्रंदिवस बसून. त्या दुकानदाराचं तोंड बघावं लागणार आता. बाबांचे नवरात्राचे उपवास चालू आहेत, तिथे पाणीही घेतलं नसेल. बाहेर नेऊन सांगावं? नाही, ज्याच्यासमोर हात जोडलेत त्याच्यासमोरच सांगायचं. बोर्डाचं सांगता येईल. पितरांचं जे बोलले ते कसं

पेडगाव गेलं. पहिलं वाक्य अजून जुळत नाही.