अण्णांच्या पोटातला सुपरवायझर

प्रिय दिपाली,

एवढं सगळं मोबाइलवर टाइप करवेना, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते आहे.

अण्णा मजेत आहेत. कुरुळीच्या पारावर रोज त्यांचा दरबार भरतो आणि विषय असतो तुझं संशोधन. कारण मीच. आतड्यातल्या गाठीचा रिपोर्ट आल्यावर त्यांनी विचारलं, आपली दिपी याच आजारावर काम करते, तर ती नेमकं करते काय? मी कंपनीच्या भाषेत सांगितलं. आरएनए म्हणजे पेशीतलं जॉब कार्ड; त्यावरचा माल बनला की कार्ड फाडायचं. तू अभ्यासतेस ते प्रोटीन म्हणजे कार्ड घट्ट धरून बसणारा सुपरवायझर. तो फाडूच देत नाही, मग नको तेवढा माल बनत राहतो आणि गाठ वाढते. हे इतकं सोपं नसतं, असं तू मला बजावलं होतंस. ते वाक्य सांगायचं राहिलं की मी गाळलं, हे अजून ठरत नाही.

कंपनीच्या गेटवर नोकरी केलेल्या माणसाला सुपरवायझर लगेच पटला. सोनबाकाकांनी टोमणा मारला, "भिमाजी, गावच्या जमिनी संपल्या म्हणून आता तुझ्या पोटात कंपनी काढली व्हय?" अण्णा म्हणाले, "कंपनी माझीच हाय. सुपरवायझर तेवढा बदलायचाय, आन् ते काम माझी पोरगी करतीय." सगळा पार हसला. मीही हसले.

पण चिंचवडच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला गुरुवारची तारीख दिली आहे. गाठ लहान आहे, पसरलेली नाही, आत्ताच काढली तर बरे होण्याची चांगली आशा आहे. आणि अण्णा अडून बसलेत, "दिपीचं औषध येऊ दे. तवर पोट फाडायचं न्हाई." असं औषध अजून हाताशी नाही म्हटलं, की मी धाकटीचं कर्तृत्व कमी करते असं त्यांना वाटतं.

म्हणून हे पत्र. आज संध्याकाळी त्यांना फोन कर आणि तुझ्याकडे औषध नाही हे स्वच्छ सांग. नुसतं ऑपरेशन करा म्हणालीस, तर तू औषध दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवलंयस असं समजतील. तुला हे जड जाईल. त्यांचा तो अभिमान माझ्याच्यानेही मोडवत नाही. पण काल कुणी न सांगता त्यांनी नवं धोतर आणि दाढीचं सामान पिशवीत भरलं. मी बघत राहिले तर म्हणाले, "दिपीनं जा म्हटलं, तर ऐनवेळी धावपळ नगं."

तुझ्या फोनकडे डोळे लावून बसलेली, तुझीच
मंजूताई