वकीलपत्र

धुळे,
ता. ९ सप्टेंबर १९३७

तीर्थस्वरूप उखर्डूभाऊ यांचे चरणी,

धाकट्या जीवरामचा शिरसाष्टांग नमस्कार. आपले असोद्याहून आलेले पत्र पोहोचले. कपाशीने बोंडे चांगली धरली आहेत व आपला गुडघा उतारावर आहे, हे वाचून समाधान वाटले. येथे आम्ही उभयता कुशल आहोत. हे पत्र आपण स्वतः चष्मा लावून वाचावे. कोणाकडून वाचवून घेऊ नये, एवढी विनंती आरंभीच करतो.

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करावयाची आहे. वकिली सोडल्यानंतरचे आयुष्य मी असोद्यास न घालवता मुंबईस घालवावे, हे सर्व बाजूंनी योग्य आहे. आपण वडील बंधू आहात. केवळ ‘मी ठरविले’ एवढे सांगून आपली बोळवण करणे मला शोभणार नाही. म्हणून आपले आक्षेप आपल्याच शब्दांत आधी मांडतो.

आपण लिहिता, “ढोरंसुद्धा दिवस बुडता गोठ्याकडे वयतात, तू तं मानूस.” दृष्टान्त सुंदर आहे, पण येथे लागू पडत नाही. गाय गोठ्याकडे वळते ती तेथे वासरू बांधलेले असते म्हणून. गोठा वडिलोपार्जित असतो म्हणून नव्हे. आमची एकुलती एक प्रमिला लग्न होऊन दादरला नांदते आहे.

“मंग लेकीच्या दारात म्हातारपन काढशीन?” नाही. प्रमिलेच्या बिऱ्हाडापासून दोन गल्ल्या सोडून एका चाळीत दोन खोल्या पाहून ठेवल्या आहेत. तिच्या घरी आम्ही पाहुण्यासारखे जाऊ व पाहुण्यासारखे परत येऊ.

“मुंबईत मेला तं खांदा कोन देईन?” भाऊ, खांदा एकदाच लागतो. डोळ्यांचा डॉक्टर वारंवार लागतो. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरला आहे, आणि त्यावर हात चालविणारे निष्णात लोक मुंबईत आहेत. वर्तमानपत्रे सकाळीच मिळतात, वाचनालय चालत जाण्याजोगे आहे, आणि पाणी नळाने चाळीत येते. घरातूनही या बेतास हरकत नाही.

येथे युक्तिवाद पुरा झाला असे मी म्हणू शकलो असतो. पण आपला सर्वांत बळकट आक्षेप आपण लिहिलेलाच नाही. कै. झुंबरवहिनी गेल्यापासून आपण एकटे जेवता, हे मला आपला शेजारी झिपरू जळगावच्या बाजारात भेटला तेव्हा त्याच्याकडून कळले. प्रतिपक्षाने न मांडलेला मुद्दा सोडून देणे कोर्टात चालते. भावाशी चालत नाही.

आपल्या घरात ओसरी आहे, माजघर आहे, आणि मध्ये एक दार आहे. त्या दाराविषयी लिहिणे मी आतापर्यंत टाळले.

थोरल्या दिराशी धाकट्या भावाच्या बायकोने बोलू नये, समोर येऊ नये, ही आपल्याकडची रीत. आपण ती कसोशीने पाळली. अंगणातून खाकरल्याशिवाय कधी आत आला नाहीत. आमच्या घरातूनही पाळली गेली. लग्न होऊन आल्यापासून तिने आपल्याशी एक अक्षर उच्चारलेले नाही. वहिनी होत्या तोवर हे जाणवत नसे. “चहा ठेवू का?” हा प्रश्न वहिनींमार्फत ओसरीवर जाई आणि आपला होकार वहिनींमार्फतच आत येई. वहिनींच्या तेराव्याला आम्ही तेथे होतो तेव्हाचे आठवा. दाराआडून ती मांजरीला म्हणाली, “मने, भाकर वाढली म्हना.” आणि आपण त्याच मांजरीला म्हणालात, “आलो म्हना.” मला हसू आले. ती हसली नाही, हे मला फार उशिरा ध्यानात आले.

गेल्या हिवाळ्यात आम्ही प्रमिलेकडे राहिलो. एके सकाळी खाली नळावर मोठे भांडण जुंपले. “अवं, रांग कायले मोडते? माह्या हंडा तुले दिसत नही का? का तोबी बोलाले लागला पाह्यजे?” शब्द आपल्याकडचे, आवाज खणखणीत. मी वर्तमानपत्र खाली ठेवले.

“प्रमिले, ही खानदेशातली बाई कोण गं?”

प्रमिला माझ्याकडे पाहतच राहिली. “नाना, आवाज ओळखला नाही? आई आहे ती.”

भाऊ, मी तो खरोखरच ओळखला नव्हता. धुळ्यास आमच्या ओसरीवर दिवसभर पक्षकार बसलेले; वकिलीणबाईंनी आत हळू बोलावे, हे मीच सुचविले होते. दुपारी पाहतो तो ती आणि ती भांडखोर शेजारीण जिन्यात बसून मोठमोठ्याने हसत होत्या.

असोद्यास परतल्यास त्या घरात आपण दोघे भाऊ बोलू, आणि ती उरलेले आयुष्य मांजरीशी बोलेल. हा मुद्दा पुराव्यात घ्यावा की नाही, याविषयी मी साशंक आहे. तरी नोंदवून ठेवतो.

ता. १० सप्टेंबर

काल पत्र बंद करण्यापूर्वी ते घरात वाचून दाखविले. ती डाळ निवडत होती. ‘हरकत नाही’ येथे तिचा हात थांबला. पुढचे संभाषण जसे झाले तसे देतो.

“हरकत नही म्हंजे? मुंबईले जायाचं पयले कोन म्हनलं? तुम्ही का मी?”

“तू.”

“मंग तुमच्या डोयाचं कायले पुढे करता? भाऊले वाटीन, डोया बरा झाला का हे येतीन वापस.”

ती पुढे म्हणाली, “आन् त्यायले एकलं टाकून जायाचं मी कधी म्हनली? बठ्ठं तुमच्या मनानंच लिव्हलं.”

(‘सगळं’ऐवजी ‘बठ्ठं’ हा शब्द तिने धुळ्याच्या शेजारणींकडून उचलला आहे, बोदवडच्या माहेरचा नव्हे.)

मी म्हणालो, की रीत बोलण्यास मनाई करते. लिहिण्यास मनाई केल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. तिने सूप बाजूला ठेवले. ही तिची जबानी, शब्दशः:

“भाऊ, मी भागा. तुमच्याशी पयल्यांदी बोलते, चुकलं तं पदरात घ्या. झुंबरबाई जायाच्या आधी मले म्हने, ‘ह्यायले सांगजो, एकले जेवू नका.’ मी तेराव्याले दाराआड हुभी राह्यली, पन सांगता आलं नही. मांजरीपाशी सांगाची गोष्ट नव्हती ती. आता सांगतली. कपाशी येचून झाली का मुंबईले या. राहाले या, पाव्हना म्हनून नही. तठी दोनच खोल्या हायेत. लपाले दाराआड जागाच नही, मंग आपल्याले बोलाच लागीन. मांजर संगं आना. नळावर लई उंदरं हायेत.”

मी विचारले, हा निरोप इतके दिवस मला का सांगितला नाही?

“तुम्हाले सांगतला असता तं तुम्ही त्याच्यावर युक्तिवाद केला असता.”

हेही मी शब्दशः लिहून घेतले.

आता शेवटचे. वर मी ‘घरातूनही या बेतास हरकत नाही’ असे लिहिले आहे. ते विधान चुकीचे आहे. ते खोडत नाही. खोडल्याने चूक दिसेनाशी होते, एवढेच. हे प्रकरण माझे आहे असे समजून मी ते चालवीत होतो. पक्षकार ती होती. मी केवळ तिचा वकील होतो, आणि वकीलपत्रावर तिची सही घेण्याचे मला सुचले नाही. काल मी तिला ती काढून दाखविली आणि तिने स्वतः गिरवली. खाली आहे. वाकडी असली तरी ग्राह्य धरावी.

आपले उत्तर या वेळी माझ्या नावे नको. तिच्या नावे यावे.

चूक मान्य करून,
आपला धाकटा,
जीवराम

भागाबाई