लांडग्याला हाक मारण्याबाबत

मी, खाली सही करणारी, निवृत्त बालवाडी शिक्षिका, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते केले तेव्हा माझी मुले एकमेकांशी बोलत होती.

१. राहते घर मुलगा व मुलगी यांना समसमान. विकायचे झाल्यास दोघांच्या संमतीने विकावे, मला भिंतींचा मोह नाही. बँकेतील ठेव मी शिकवत होते त्या बालवाडीला द्यावी. छप्पर गळते.

२. यजमानांची सुतारकामाची हत्यारे जावयांना द्यावीत. रंधा त्यांच्याकडेच आहे, "दोन दिवसांसाठी" नेलेला. शिलाई मशीन सूनबाईला. मोठ्या जाऊबाईंना काही नाही. ऐन सणाला मुले माझ्याभोवती जमली की त्या म्हणायच्या, "गोष्टी पुरे, आधी पाढे म्हणा." ते मी विसरलेले नाही.

३. आता ज्यासाठी हा कागद केला ते. आमच्याकडे वर्षाच्या सणाला ताटे वाढून झाली की घरातले सर्वांत लहान मूल दारात जाऊन हाक मारते, "कोण राहिलंय?" मगच पहिला घास. असे का, ते सासूबाईंनी मला गोष्टीतून सांगितले, मी मुलांना. जंगलातल्या प्राण्यांनी एकदा मिळून सण केला, दार लावून जेवायला बसले आणि लांडगा बाहेर थंडीत राहिला. पुढचे मी ऐकणाऱ्याकडे पाहून सांगे. लहान मुलांना शिकवताना तसेच करावे लागते. मुलगा धीट, त्याचा लांडगा गारठून मेला. मुलगी हळवी, तिच्या वेळी सशाने दार उघडले. दोघांत नऊ वर्षांचे अंतर, त्यामुळे एकाची गोष्ट दुसऱ्याला ठाऊक नव्हती.

गेल्या सणाला दोन्ही गोष्टी त्यांच्या मुलांच्या तोंडून बाहेर आल्या.

"लांडगा मरतो, म्हणून तर आपण हाक मारतो!" मुलाची मुलगी म्हणाली.

"मेला तर हाक कोणाला मारायची?" मुलीचा मुलगा म्हणाला.

पोरांनी ते आपसात मिटवले असते. पण मोठे मध्ये पडले.

"तुझा पोरगा माझ्या पोरीला सगळ्यांदेखत खोटं पाडतो?" मुलगा बहिणीला म्हणाला.

"दादा, सणासुदीला पोरांना मढी कसली दाखवतोस!"

ताटे तशीच राहिली. तेव्हापासून घरे दोन, उद्याचे सणही दोन, आणि मी कोणाकडे जेवायचे यावर फोन.

४. म्हणून घराला एक अट घालते. सणाचे जेवण दोघांनी एकत्र करावे, कोणाच्याही घरी. वकीलसाहेब म्हणाले, "आजी, ही अट कोर्टात टिकायची नाही." मी म्हटले, "कोर्टाला जेवायला कोण बोलावतंय?" त्यांनी लिहून घेतले.

५. गोष्ट नात व नातू यांना सामायिक देते. परवा दोघे माझ्या पलंगावर बसून कुजबुजत होते. बऱ्याच वेळाने नातीने निकाल सांगितला, "आजी, लांडगा मेला होता. पण हाक ऐकली आणि उठला."

"आणि थेट जेवायलाच बसला. हातसुद्धा न धुता," नातू म्हणाला.

यापुढे हीच आमच्या घराण्याची गोष्ट. ती पोरांनी सांगावी, मोठ्यांनी शेजारी शेजारी बसून ऐकावी. दुरुस्त्या सुचवू नयेत.

६. मी गेल्यानंतरच्या पहिल्या सणाला दारात कोणी माझ्यासाठी रडत उभे राहू नये. मी पोटभर जेवून उठले आहे. हाक मोठ्याने मारावी, अन्न गरम असताना बसावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मला समजला व पटला.

सही: (आजी)

साक्षीदार: १. शेजारचे शिंपी. २. आमचे डॉक्टर. दोघांनाही या कागदातून काही मिळत नाही. जेवायला मात्र दोघांनी यावे.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: सणाच्या आदल्या दिवशी, सकाळी